घड्याळाच्या दाराची एकच किल्ली

१

“किल्ली एकच आहे आणि ती तू बनवलीस,” जजबाई म्हणाल्या. “मग फाईल कोणी नेली, हे मी वेगळं विचारायला हवं का?”

“विचारा की,” मी म्हटलं. “पण उत्तर ऐकायचं असेल तरच विचारा.”

आत्यानं माझ्या कमरेत कोपर मारलं. ती मला उगाच ‘ठिणगी’ म्हणत नाही.

जजबाई उंच पाठीच्या खुर्चीत बसल्या होत्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी बसायची तऱ्हा तीच, जणू समोरचे सगळे पिंजऱ्यात उभे. आणि आम्ही उभेच होतो. मी, आत्या, जजबाईंचा वकील भाचा आणि त्यांची काळजी घेणारी सिस्टर. एकटे कारकूनकाका दाराशी स्टुलावर होते. कोर्टात तीस वर्षं बाईंच्या समोरच्या टेबलावर बसलेला माणूस, त्यांना बसायची परवानगी लागत नसावी.

आणि मधोमध ते घड्याळ. माणसापेक्षा उंच, काळपट लाकडाचं. वर डोकं, त्यात काचेआड तबकडी. खाली लांबट लाकडी दार, त्याच्या आत लंबक आणि पितळेची दोन वजनं. ते दार सताड उघडं होतं आणि आत फाईल नव्हती.

“काल रात्री मी ती इथे ठेवली,” जजबाई म्हणाल्या. “कुलूप लावलं. किल्ली गळ्यात घातली. आज दहाला किल्लीनं दार उघडलं, तर फाईल नाही. कुलूप फोडलेलं नाही, लाकडावर ओरखडा नाही. आणि सव्वानऊला ही मुलगी घरात आली होती.”

आले होते. पेचकस विसरला होता म्हणून. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, दुसरं काय.

“सिस्टरनं तुला दोन मिनिटं इथे एकटं सोडलं. बरोबर?”

“बरोबर.”

“किल्ली बनवणारीला दुसरी बनवायला किती वेळ लागतो?”

“वीस मिनिटं,” मी म्हटलं. “पण मी बनवली नाही.”

“असं सगळेच म्हणतात,” जजबाई म्हणाल्या.

“पोलीस आले की कळेल,” भाच्यानं खिशातून फोन काढला.

आत्याचा चेहरा बघवत नव्हता. तिनं वीस वर्षं लोकांच्या घरात शिरून घड्याळं दुरुस्त केली. लोक घर उघडं टाकून तिला म्हणायचे, तुम्ही करा निवांत, आम्ही येतो जाऊन. पोलीस एकदा आमच्या दुकानात शिरले की कुठलं दार आम्हाला उघडणार?

माझं डोकं सटकलं.

“बारा वाजेपर्यंत फोन करायचा नाही,” मी म्हटलं. “बारा वाजता मी स्वतः नंबर लावून देते.”

“तू मला वेळ देणार?” जजबाईंच्या भुवया वर गेल्या.

“कोर्टात आरोपीला बोलायला देतात ना? की तुमच्यात नव्हते देत?”

आणि नेमकं तेव्हाच घड्याळ वाजलं. खणखणीत अकरा ठोके.

सगळ्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि विसरून गेले. मी नाही विसरले. कारण काल आम्ही निघालो तेव्हा ते घड्याळ वाजूच शकत नव्हतं.

२

काल काय झालं ते सांगते.

घड्याळं आत्याची, कुलपं माझी, अशी आमच्याकडे वाटणी आहे. जुन्या घड्याळांच्या दारांना काडेपेटीएवढी कुलपं असतात. ती बिघडली की कुणी दुरुस्त करत नाही. म्हणतात, जाऊ दे, दोरा गुंडाळा. नववीत शाळा सुटली तेव्हा (मी सोडली, तिनं नाही) आत्यानं असलं एक कुलूप माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, बघ, नाहीतर घरात भांडी आपटत बसशील. ते मी उघडलं. तेव्हापासून एकसष्ट झाली. झिजलेल्या लाकडात कुलूप हलू नये म्हणून मागे कागदाची पट्टी भरावी लागते. त्या पट्ट्या मी माझ्या भूगोलाच्या वहीतून कापते. वही कामाला आली एकदाची.

जजबाईंच्या घड्याळाची जुनी किल्ली कुलपात तुटली होती. मी कुलूप सोडवलं, तर आतली स्प्रिंगही मोडलेली. आणि आजची नाही, कित्येक वर्षांची. मोडलेल्या टोकावर गंज चढला होता.

मला नवल वाटलं. स्प्रिंग नाही म्हणजे खटका बसणार नाही, आणि खटका नाही बसला की कुलूप लागत नाही. मग इतकी वर्षं हे दार बंद कसं राहत होतं?

मी बाईंना विचारलं, “आजवर कसं लावत होता हे?”

“किल्लीनं,” बाई म्हणाल्या. “जसं जग लावतं.”

झालं. मी गप्प बसले. नवी स्प्रिंग बसवली, नवी किल्ली घासली, दहा वेळा लावून बघितलं. मऊ चालायला लागलं. एक पूर्ण फेरा पुढे की खट, लागलं. एक फेरा मागे की खट, उघडलं. बाई तेव्हा लिहीत होत्या. मी सांगायला गेले, “बाई, आता फक्त एकदा...” तर त्यांनी मान वर न करता हात पुढे केला, म्हणजे किल्ली दे आणि जा.

त्याआधी आत्यानं वजनं परत टांगली होती. उजवं वजन घड्याळ चालवतं, डावं ठोके मारतं. वरच्या तबकडीत दोन भोकं असतात, तिथे हँडल घालून फिरवलं की वजनं वर चढतात. यालाच चावी देणं म्हणतात. तिथली काच नुसती ओढली की उघडते, त्या हँडलचा आणि माझ्या किल्लीचा काही संबंध नाही. आत्यानं उजव्याला पूर्ण चावी दिली. डाव्याला द्यायला गेली तर बाई म्हणाल्या, “आज ठोके नकोत, डोकं दुखतंय, मला लिहायचंय.”

म्हणून डावं वजन आम्ही तसंच तळाला टेकवून ठेवलं. आत्या म्हणाली, राहू दे, रविवारी चावी देणारे येतात ना, ते देतील.

आज रविवार. आणि घड्याळ अकरा वाजता वाजलं.

मी उघड्या दारातून आत डोकावले. दोन्ही वजनं वर होती. एका रेषेत, वरच्या फळीपासून दोन बोटं खाली. बघायला छान दिसत होतं. तेव्हा मला तेवढंच वाटलं, छान दिसतंय.

३

पहिल्यांदा भाच्याला गाठलं. तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता.

“ए पोरी, मला प्रश्न विचारायचे नाहीत.”

“बरं. मग मीच सांगते. फाईल नाहीशी झाली याचा सगळ्यात जास्त आनंद तुम्हाला झालाय.”

तो थांबला. मग चक्क हसला. “झालाय. लपवतो कशाला? मावशीनं सव्वीस वर्षांपूर्वी एका कुलूपवाल्याला सात वर्षं आत टाकलं. आता म्हणते, निकाल चुकला. स्वतःच्या हातानं लिहून काढलंय, आज ते त्या माणसाला पाठवणार आणि उद्या पेपरला देणार. या वयात स्वतःच्या तोंडाला काळं फासून घ्यायचं! माझ्या हाती लागली असती तर मी चुलीत घातली असती फाईल.”

“मग घातली का?”

“कुलपातून कशी काढणार? तिनं माझ्यासमोर लावलं. किल्ली फिरवली, खट खट आवाज आला, किल्ली काढून गळ्यात घातली. रात्रभर मी त्या दाराकडे बघत चरफडत होतो. हात लावून काय उपयोग?”

“खट खट?”

“हो, खट खट. कुलूप लावल्यावर आवाज येतो, तुझ्या शाळेत शिकवलं नाही का?”

एरवी मी त्याच्या बुटावर पाय दिला असता. पण त्या दोन खटांनी मला धरून ठेवलं होतं. आत्ता नको, म्हटलं, आधी सगळ्यांचं ऐकू.

सिस्टर स्वयंपाकघरात औषधांच्या गोळ्या डब्यात मांडत होती. मला बघून तिचे डोळे भरले. “मी नाव घेतलं तुझं. काय करू? खोटं बोलता येत नाही मला. दोन मिनिटं होतीस ना एकटी.”

“होते. रडू नका, मी चिडले नाही.” चिडले होते, पण तिच्यावर नाही. “बाईंच्या गळ्यातली किल्ली कधी निघते?”

“अंघोळीलाही नाही. झोपतानाही नाही. काल उशिरापर्यंत जाग्या होत्या, आज नऊपर्यंत झोपल्या. उठल्यावर मी न्हाऊ घातलं, किल्ली गळ्यातच.”

“सकाळपासून घरात कोण कोण आलं?”

“आठला कारकूनकाका. दर रविवारी येतात, चावी देतात, चहा घेतात. मग रेकॉर्डच्या खोलीत बसतात गठ्ठे लावत. बाईंचे सगळे जुने निकाल वर्षाप्रमाणे तेच लावतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मग तू सव्वानऊला आलीस. बस्स.”

“आणि भाचे?”

“ते साडेनऊपर्यंत घोरत होते. भिंतीपलीकडे ऐकू येतं.”

कारकूनकाका रेकॉर्डच्या खोलीत गेले होते. भिंतभर फडताळं, त्यात लाल फितीनं बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर वर्षाची चिठ्ठी, अक्षर मोत्यासारखं. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, “बस, बाळ.” आणि खिशातून पेपरमिंटची गोळी काढून दिली.

“तू नाही घेतलीस,” ते म्हणाले. “मी बाईंना तसं बोललो.”

सकाळपासून हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं.

“काका, सकाळी चावी तुम्ही दिलीत?”

“मीच. तीस वर्षं देतोय.”

“दार उघडून वजनं बघत नाही का? वर फळीवर आदळली तर?”

“पूर्वी बघायचो, बाई उघडून द्यायच्या. आज त्या झोपल्या होत्या, किल्ली त्यांच्या गळ्यात. मी दाराला हात लावला नाही.” ते हसले. “लागतही नाही गं. आठवड्याला चौदा फेरे उतरतं. चौदा इकडे, चौदा तिकडे. डोळे मिटून देतो.”

मी गोळी तोंडात टाकली आणि बाहेर आले. गोड लागली. दारापर्यंत पोचले आणि पाय थबकले.

चौदा इकडे, चौदा तिकडे.

मला एकदम सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचा राग आला. साडेअकरा होऊन गेले होते.

४

“सगळे इकडे या,” मी हॉलमधून हाक मारली. “जजबाई, एक काम करा. ते दार बंद करा आणि कुलूप लावा. काल लावलंत तसंच.”

“हा काय पोरखेळ आहे?”

“माझ्यावर आरोप पोरखेळ म्हणून केलाय का? लावा ना.”

त्या काठी टेकत उठल्या. दार लोटलं. त्या दाराला मूठ नाही, किल्लीच मूठ म्हणून वापरतात, आणि जुनं लाकूड चौकटीत इतकं घट्ट बसतं की नुसतं लोटलं तरी जागचं हलत नाही. बाईंनी गळ्यातली किल्ली भोकात घातली. हात एकदा पुढे गेला. खट. आणि न थांबता, त्याच झोकात, मागे आला. खट. किल्ली काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“लागलं?” मी विचारलं.

“लागलं.”

मी पुढे गेले, दाराच्या खालच्या कडेत नख घातलं आणि ओढलं.

दार उघडलं.

आत लंबक तेवढा हलत होता.

“काल मी विचारलं होतं, आजवर कसं लावत होता,” मी म्हटलं. “तुम्ही म्हणालात, जसं जग लावतं. पण जग असं लावत नाही, बाई. तुमच्या कुलपाची स्प्रिंग कधीच मोडली होती. पुढे फिरवलं तरी खटका पडत नव्हता. किल्ली परत मागे आणली की कसाबसा पडायचा. म्हणून तुमच्या हाताला सवय लागली, पुढे एक, मागे एक. तुम्हाला माहीतही नाही तुम्ही असं करता. मी काल कुलूप नीट केलं. आता पुढे फिरवलं की लागतं आणि मागे फिरवलं की उघडतं. काल तुम्ही कुलूप लावलंत, आणि लगेच स्वतःच उघडलंत.”

“सकाळी मी किल्लीनंच उघडलं,” जजबाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता.

“परत तेच केलंत. पुढे एक, मागे एक. दार उघडं असो नाहीतर बंद, तुमच्या हातानं शेवटी ते उघडंच होतं. मग तुम्हाला कळणार कसं?”

भाचा पुटपुटला, “खट खट...”

“हो. माझं कुलूप लावताना एकदाच वाजतं. तुम्ही दोन खट ऐकलेत, तेवढं एक काम केलंत.”

आत्या माझ्याकडे बघत होती. पाठ सरळ झाली होती तिची.

“म्हणजे दार रात्रभर उघडं होतं,” जजबाई हळूच खुर्चीत बसल्या. “कुणीही नेली असेल.”

“कुणीही नाही,” मी म्हटलं. “दार लागलंय असं ज्याला वाटतं तो हात लावत नाही. तुमचा भाचा रात्रभर बघत बसला, पण हात लावला नाही. लावला असता तर फाईल आज राख झाली असती. सिस्टरलाही तसंच वाटत होतं आणि मलाही. दार उघडं आहे हे फक्त त्याला कळलं, ज्याचा हात आपोआप त्या दाराकडे गेला.”

“कुणाचा?”

मला उत्तर माहीत होतं. पण तोंडात अजून पेपरमिंटची चव होती, आणि ती आता गोड लागत नव्हती.

५

“आत्या,” मी म्हटलं, “काल वजनं कशी ठेवली होतीस?”

“उजवं पूर्ण वर. डावं तळाला टेकवून. बाईंना ठोके नको होते.”

“आता बघ.”

आत्यानं आत बघितलं. तिला माझ्याइतका वेळ लागला नाही. तिनं स्टुलाकडे बघायचं टाळलं.

“उजवं एका रात्रीत दोनच फेरे उतरलं असणार,” मी बोलत राहिले. “त्याला दोनच फेरे चावी लागली. डावं पार खाली, त्याला सतरा तरी लागले. चौदा-चौदा देणाऱ्यानं उजवं वजन फळीवर आदळवलं असतं, आणि डावं तीन फेरे खाली राहिलं असतं. पण दोन्ही बघा. एका रेषेत. फळीखाली बरोब्बर दोन बोटं. हे डोळे मिटून होत नाही. दार उघडून, वजनांकडे बघत बघत चावी दिली तरच होतं.” मी वळले. “हो ना, काका?”

कारकूनकाका स्टुलावर तसेच बसले होते. हात मांडीवर, एकावर एक.

“कुणाला काही करायला गेला नव्हतात तुम्ही,” मी म्हटलं. “चावी द्यायला घेतली. एक बाजू लगेच जड लागली, काहीतरी वेगळं आहे कळलं. बघायला म्हणून हात खाली गेला, आणि दार आलंच हातात. आत फाईल. वर बाईंचं अक्षर.”

“खोटं आहे,” भाचा म्हणाला. “काका असं करणार नाहीत.”

“ती बरोबर बोलतेय,” काका म्हणाले.

जजबाईंची काठी जमिनीवर पडली. कुणी उचलली नाही.

“तीस वर्षं मी तुमच्यासमोर बसलो, बाई. तुमचा एक निकाल वरच्या कोर्टात उलटला नाही. लोक तुमचं नाव घेऊन शपथ घ्यायचे. आणि उद्या पेपरात...” त्यांनी मान हलवली. “मला वाटलं, आज पाठवली नाही तर उद्या तुमचं मन बदलेल. एवढंच.”

“आणि मी?” मी विचारलं.

ते बघेनात.

“मला गोळी दिलीत. बस, बाळ म्हणालात. तू नाही घेतलीस म्हणालात. ते तुमच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? बारा वाजता पोलीस मला घेऊन गेले असते. तेव्हाही खिडकीतून गोळी दिली असती का?”

“मी सांगणार होतो.”

“कधी? सात वर्षांनी?”

आत्या म्हणाली, “ठिणगे, बास.” पण हळू म्हणाली.

“फाईल कुठे आहे?” जजबाईंनी विचारलं. “जाळली?”

काकांनी असं बघितलं जणू त्यांना शिवी दिली. “कारकुनाच्या हातून कागद जळतो का, बाई?” ते उठले, रेकॉर्डच्या खोलीत गेले आणि पाच मिनिटांत नाही, पाच सेकंदांत परत आले. हातात सव्वीस वर्षांपूर्वीचा गठ्ठा होता. लाल फीत सोडली. फाईल त्याच खटल्याच्या कागदांमागे, निकालानंतर, तारखेप्रमाणे लावलेली होती.

“चुकीच्या जागी नव्हती ठेवली,” ते म्हणाले.

सिस्टरला हसू आलं. ते तिनं पदरात दाबलं. मला काही हसू येत नव्हतं.

६

जजबाईंनी फाईल हातात घेतली, उघडली आणि एकदम माझ्यापुढे धरली. “वाच.”

“मी?”

“वाचता येतं ना?”

“येतं. मी शाळा सोडली, डोळे नाही सोडले.”

मी वाचायला लागले. सुरुवातीला खटल्याचा नंबर, तारखा. मग पुढचं वाचताना माझा आवाज सावकाश होत गेला. “...कपाटास एकच किल्ली होती व ती आरोपीने बनवली होती. या एकाच मुद्द्यावर मी त्यास दोषी धरले. आरोपी वारंवार सांगत होता की दुसरी किल्ली नाही. असे सगळेच सांगतात, असे मी त्यास म्हणाले. चोरीच्या वेळी ते कपाट मुळात बंद होते काय, हा प्रश्न मी कोणासही विचारला नाही. ते बंद नव्हते, हे मला यंदा समजले.”

मी कागद खाली केला.

काल रात्री जागून बाईंनी हे स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. आणि आज सकाळी, शाई वाळते न वाळते तोच, तेच शब्द मला ऐकवले होते. एकच किल्ली, तू बनवलीस, असं सगळेच म्हणतात.

त्यांनाही ते कळलं होतं. “मुली,” त्या म्हणाल्या, “माझी चूक झाली.”

“हो,” मी म्हटलं.

भाच्याला वाटलं होतं मी म्हणेन, असू दे, मोठ्या आहात. मी नाही म्हटलं. मोठं असणं आणि असू देणं यांची गाठ कुणी मारली, मला माहीत नाही.

“मला तोंडी नको,” मी म्हटलं. “ह्याच कागदावर खाली आजची तारीख घाला. आणि लिहा की आज मी परत तेच केलं.”

“ए, मर्यादा सोडू नकोस!” भाचा ओरडला. “हे उद्या पेपरात येणार आहे!”

“म्हणून तर.”

जजबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली केली नाही. शाळेत यावरूनच छड्या खाल्ल्या होत्या, नजर खाली कर म्हणून. तेव्हाही नव्हती केली.

“पेन दे,” त्या भाच्याला म्हणाल्या.

“मावशी...”

“पेन दे.”

चार ओळी लिहिल्या त्यांनी. लिहून झाल्यावर मला वाचायला दिल्या. मी वाचल्या. एक शब्दही गुळमुळीत नव्हता. मी आत्याला दिल्या. आत्यानं दोनदा वाचल्या, घडी घालून परत केल्या आणि पहिल्यांदाच त्या घरात खुर्ची ओढून बसली.

“आता ते कुलूप,” जजबाई म्हणाल्या. “माझा हात काही या वयात बदलायचा नाही. माझ्या सवयीप्रमाणे करून दे. पुढे एक, मागे एक.”

आत्या गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही, तिनं तोंड उघडलंच होतं.

“नाही,” मी म्हटलं. “कुलूप बरोबर आहे. या इकडे.”

त्यांना घड्याळापाशी उभं केलं. किल्ली घातली. हात पुढे गेला, खट, आणि मागे यायला लागला. मी मनगट धरलं. “बस्स. इथे थांबायचं.” दुसऱ्यांदाही हात मागे आला. तिसऱ्यांदा त्या पुढे फिरवून थांबल्या. बोटं परत यायला बघत होती, पण थांबली. किल्ली काढली. मी खालच्या कडेत नख घालून सगळा जोर लावला. दार हललं नाही.

“लागलं,” मी म्हटलं.

“फाईल तर बाहेरच राहिली!” सिस्टर ओरडली.

“ती आता कुलपात ठेवायची नाही,” जजबाई म्हणाल्या आणि फाईल कारकूनकाकांपुढे धरली. “तुम्ही नेऊन द्या. त्याच्या हातात. टपालानं नाही. आणि तो वाचत असेपर्यंत तिथे उभे राहा.”

काकांनी उपरणं सारखं केलं आणि फाईल छातीशी धरली. दारापर्यंत पोचले, तेव्हा घड्याळ वाजायला लागलं. बारा. पोलिसांना फोन करायची वेळ.

मी पेचकस पिशवीत टाकला आणि चपला घातल्या.

“तू कुठे निघालीस?” आत्यानं विचारलं.

“काकांबरोबर.”

“आता कशाला?”

“वाटेत एखादं फडताळ दिसलं,” मी म्हटलं, “तर परत नीट जागेवर लावतील.”